पूर ओसरल्यावरची हिरवी मेथी

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 55 फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी 43 फूट. उसाबरोबर भाजीचे मळेही बुडाले. अशा पुरात बहुतेक पालेभाजी सडून जाते. कडेच्या, थोडाच वेळ पाण्याखाली राहिलेल्या वाफ्यातली मेथी मात्र तग धरते. एखादी सर येऊन गाळ धुऊन जाते आणि पानं पुन्हा हिरवीगार दिसू लागतात. काळजी करावी ती या मेथीची.

शेतात साचलेलं पावसाचं पाणी वेगळं आणि पुराचं वेगळं. पूर येतो तो गटारं, शौचखड्डे, उकिरडे, मेलेली जनावरं, पंपांवरचं डिझेल असं सगळं पोटात घेऊन. ई-कोलाय, साल्मोनेला आणि हिपॅटायटिस-ए चा विषाणू याच वाटेने भाजीवर येऊ शकतात.

‘स्वच्छ धुतली की झालं’, असं आपण म्हणतो. पालकाचं पान उलटं करून बघा. शिरांच्या कडेला, देठाच्या खोबणीत बारीक गाळ अडकलेला दिसेल. डोळ्यांना न दिसणाऱ्या पर्णरंध्रांतून जिवाणू पानाच्या आतही शिरतात. उन्हात तापलेला टोमॅटो गार पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढलं जातं. मग नळाखाली कितीही चोळा! शिजवल्यावर जिवाणू मरतील, पण डिझेल आणि जड धातूंचं काय? शिवाय कोथिंबीर, मुळा, काकडी आपण कच्चीच खातो.

पिकाच्या खाण्याच्या भागाला पुराचं पाणी लागलं, तर तो माणसांच्या खाण्यासाठी विकू नये, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची भूमिका आहे. मला ती पटते. पण तिचा भार एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? आपल्याकडे सरकारी मदत मिळते ती 33 टक्के किंवा अधिक नुकसान झालं तर. उभा, हिरवा वाफा पंचनाम्यात नुकसान म्हणून दाखवायचा कसा? त्यात आवक घटून भाव चढलेले. कर्ज डोक्यावर असलेला माणूस तो वाफा कापणारच. पुराचं पाणी लागलेली भाजी पंचनाम्यात पूर्ण नुकसान म्हणूनच धरली पाहिजे.

पुढच्या लागवडीलाही घाई नको. जमीन वाळून वाफसा येईपर्यंत गाळातले जिवाणू हळूहळू घटतात; कॅलिफोर्नियातले पालेभाजी उत्पादक त्यासाठी साधारण 60 दिवस थांबतात. विहिरीत पूर शिरला असेल, तर उपसा करून, ब्लीचिंग पावडर टाकून पाणी तपासून घ्यायला हवं. नाहीतर तेच पाणी तुषार संचातून नव्या रोपांच्या पानांवर पडतं.