पाण्यात गेलेला लाल

शहापूर-मुरबाडच्या फोटो स्टुडिओंची खरी कमाई लग्नसराईची. करिझ्मा अल्बम, बॅनर, आणि वर्षभर पासपोर्ट फोटो. पाण्याखालचे फोटो या धंद्यात शिरले ते मालवणमुळे. तिथला किनाऱ्यालगतचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पुढे पर्यटकांसाठी स्कुबा सुरू झालं आणि दिवाळीच्या सुटीत तारकर्लीला जाऊन आलेली पोरं पेनड्राइव्ह घेऊन काउंटरवर येऊ लागली. तक्रार एकच: "दादा, सगळं निळंच आलंय. जरा कलर मारा ना."

सुरुवातीला आम्ही कलर मारलाच. लग्नाच्या फोटोंना चालतो तोच: ऑटो कलर, वरून सॅच्युरेशन. माणसं जांभळी झाली. पाणी आधी लाल रंग खातं. पाच-सहा मीटरवर तो नावापुरता उरतो, निळा मात्र खोलवर पोचतो. एका फोटोत मुलाच्या मनगटावरचा लाल धागा काळाकुट्ट दिसत होता. फोटोशॉपच्या लेव्हल्समध्ये लाल चॅनल उघडला, तर सगळा ढीग डाव्या कडेला. तो ताणला की मागच्या पाण्यात रवाळ ठिपके उठायचे. मग चॅनल मिक्सरची युक्ती हाती लागली: हिरव्यातला थोडा भाग लालमध्ये मिसळायचा. कातडी कातडीसारखी दिसू लागली. धागा काळाच राहिला, कारण हिरव्या चॅनलमध्येही तो काळाच होता. ब्रशने लाल करता आला असता, पण ते जुन्या कृष्णधवल फोटोतले गाल हाताने रंगवण्यापैकी झालं असतं. त्या कामातही कसब होतं. फक्त त्याला करेक्शन म्हणू नये.

रोग जुनाच आहे. १९२६ साली फ्लोरिडाच्या समुद्रात विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखाली रंगीत फोटो काढले, तेव्हा वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड पाण्यात पाडला होता. २०१९ मध्ये देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रायबिट्झ यांची 'सी-थ्रू' पद्धत आली. तिला फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर लागतं. जितकं अंतर जास्त, तितका रंग जास्त गेलेला. आम्ही तोवर मास्क लावून जवळच्या माणसाला एक आणि मागच्या खडकाला दुसरा डोस देत होतो, तो निव्वळ नजरेच्या अंदाजाने.

मध्येच प्रीसेटची लाट आली. मालवणच्या फोटोंवर छान बसणारा एक प्रीसेट कुणीतरी काळू नदीत काढलेल्या फोटोवर चढवला आणि डोहाचं सांबार झालं. नदीचं पाणी वेगळं. कुजलेल्या पाल्याचा अंश त्यात उतरलेला असतो, तो निळाच आधी गिळतो. वर पावसाळ्यातला गाळ. तिथे लाल वाढवायचा नसतोच. कॉन्ट्रास्टसाठी डीहेझ ओढला तर गाळाचा कण न् कण उठून दिसतो. (तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते, त्यामुळे शहापूरकरांना हा प्रयोग धरणात करण्याची सोय नाही.)

पेनड्राइव्ह गेले, व्हॉट्सॲप आलं, आणि उरलासुरला लालही वाटेत गळू लागला. जेपीईजीमध्ये बहुतेक वेळा रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कमीच साठवलेला असतो. त्यावर व्हॉट्सॲप पुन्हा दाबून काढतं. "डॉक्युमेंट म्हणून पाठव रे" हे वाक्य गिऱ्हाइकाला चहा विचारण्याआधी तोंडात येऊ लागलं.

आता फोनमध्येच एका बोटात रंग बदलतो. स्टुडिओत येतो तो फक्त फ्रेमचा फोटो, आणि तो भाजलेल्या विटेसारखा लाल: माणूसही लाल, मासाही लाल, समुद्र तांबूस. बारा बाय अठराच्या प्रिंटवर ते लपत नाही. म्हणजे आमचं काम उलटं झालं. लाल उतरवून निळा परत आणायचा. त्यासाठी मूळ फाइल मागावी, तर ती बहुतेकांनी स्टोरेज भरलं म्हणून डिलीट केलेली असते.