निवडणुकीस उभे राहताना

हरिहरेश्वरास आलेला यात्रेकरू देवदर्शन आटोपला की प्रदक्षिणेस निघतो. डोंगराला वळसा घालून खडकांवरून जाणारी ही वाट केवळ ओहोटीच्या वेळी मोकळी असते. म्हणून गावचा माणूस परक्याला पहिली गोष्ट सांगतो ती भरतीची वेळ. वाट अवघड आहे म्हणून माणसे अडकत नाहीत, वेळ न विचारता निघतात म्हणून अडकतात. निवडणुकीस उभे राहण्याचेही पुष्कळसे असेच आहे. आपल्याकडे प्रचाराविषयी, पैशांविषयी आणि पक्षांविषयी भरपूर बोलले जाते. परंतु उमेदवार होण्यास काय लागते, अर्ज कशामुळे बाद होतो आणि निवडून आल्यावरही पद कशामुळे जाते, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. विषय थोडा रुक्ष आहे, तरीही आज तोच घेण्याचे मी ठरविले आहे.

प्रथम अधिकाराचे स्वरूप पाहू. मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो, पण निवडून येण्याचा हक्क त्यानंतर. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांसाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात. विधानसभेसाठी 25 लागतात. 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने हे 21 वर्षांचे वय थेट घटनेतच घातले. महाराष्ट्रात 1994 साली स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग या स्थानिक निवडणुका घेतो. लोकसभा आणि विधानसभा यांच्याशी त्याचा संबंध नाही. ही दोन घरे वेगळी आहेत, आणि एका घरचा नियम दुसऱ्या घरी लागू पडेलच असे नाही.

वयानंतर येते मतदार यादी. ग्रामपंचायतीस उभे राहणाऱ्याचे नाव त्या गावच्या यादीत असले पाहिजे. विधानसभेस मात्र राज्यातील कोणत्याही मतदारसंघात नाव असले तरी चालते. हा फरक कोकणात फार महत्त्वाचा आहे. समजा, एक चाकरमानी तीस वर्षे मुंबईत नोकरी करून सेवानिवृत्त झाला आणि गावी येऊन राहिला. घर येथले, वाडी येथली, पण मतदार यादीतले नाव मात्र अजून परळच्या चाळीतच आहे. असा गृहस्थ श्रीवर्धन मतदारसंघातून आमदारकीस उभा राहू शकतो, परंतु हरिहरेश्वर ग्रामपंचायतीचा साधा सदस्य होऊ शकत नाही! दोन्हीकडे नाव ठेवण्याची युक्ती कोणी सुचवील, पण कायद्याने एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांच्या यादीत असता येत नाही. तेव्हा नाव येथे आणावयाचे असेल तर ते निवडणूक जाहीर होण्यापूर्वी आणले पाहिजे. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते आणि त्यासाठी आयोग एक तारीख ठरवून देतो. त्या तारखेनंतर केलेली धावपळ त्या निवडणुकीपुरती व्यर्थ जाते.

आता अपात्रतेकडे वळू. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे चौदावे कलम हे या विषयाचे मर्म आहे. दिवाळखोरी, ठरावीक गुन्ह्यांतील शिक्षा, सरकारी किंवा स्थानिक संस्थेची नोकरी, या गोष्टी सर्वांस ठाऊक असतात. ज्यांत सामान्य माणूस अडखळतो त्या बाबी वेगळ्या आहेत.

पहिली बाब घरपट्टी आणि पाणीपट्टीची. बिल रीतसर बजावल्यानंतर तीन महिन्यांत कर भरला नाही तर माणूस अपात्र होतो. येथे दोन्ही बाजू लक्षात ठेवाव्यात. बिल बजावलेच नसेल तर नुसत्या बाकीवरून कोणास अपात्र ठरविता येत नाही. उलट बिल घेऊन ते फडताळात टाकणाऱ्यास ‘विसरलो’ म्हणून सुटता येत नाही. पर्यटकांसाठी खोल्या बांधलेल्या घरमालकांनी तर वर्षाचे वर्षास पावती फाइलला लावून ठेवावी.

दुसरी बाब हितसंबंधाची. पंचायतीच्या कामाच्या ठेक्यात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष भाग असणारा माणूस सदस्य होऊ शकत नाही. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द येथे मुद्दाम घातला आहे. ठेका दुसऱ्याच्या नावाने घेऊन नफ्यात वाटा ठेवणाऱ्यासाठी तो आहे.

तिसरी बाब अतिक्रमणाची. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा अपात्र होतो. अतिक्रमण वडिलांनी केले असेल आणि मुलगा त्या घरात नुसता राहत असेल तर काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2017 साली न्यायालयाने असे म्हटले की मूळ अतिक्रमण करणाराच अपात्र. 2018 साली मोठ्या पीठाने तो निर्णय फिरविला, आणि त्या जागेचा उपभोग घेणारा कुटुंबीयही अपात्र ठरतो असे सांगितले. परंतु जळगाव जिल्ह्यातील विचखेडा गावच्या महिला सरपंचास अशाच आरोपावरून दूर केले गेले, तेव्हा 2024 साली त्याच न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीस, विशेषतः स्त्रीस, पुरेशा पुराव्याविना इतक्या सहजपणे काढता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. म्हणजे नियम कडक आहे, पण आरोप हा पुरावा नव्हे.

चौथी बाब कुटुंबाची. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाल्यास अपात्रता येते, असा नियम या कायद्यात घालण्यात आला. मूल दत्तक दिले म्हणून यातून सुटका होत नाही. ओरिसातील एका प्रकरणात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. पाचवी बाब शौचालयाची. राहत्या घरी शौचालय आहे आणि ते वापरात आहे याचा दाखला लागतो. आणि 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांस सातवी उत्तीर्ण असण्याची अट आहे. या अटी कायदेमंडळ वेळोवेळी बदलते, म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबता प्रत्येक निवडणुकीच्या वेळी आयोगाची सूचना वाचून घ्यावी.

राखीव जागांचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. अनुसूचित जातीजमातींच्या जागांसाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी लागते. हा दाखला काढताना जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातीस 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीस 6 सप्टेंबर 1950, आणि इतर मागासवर्गास 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचा. आमच्या रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबांचा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या वीटभट्टीच्या आणि कोळशाच्या कामामागे हिंडलेल्या माणसाच्या आजोबांचे नाव कोणत्या शाळेच्या दप्तरात सापडणार? कायद्याने जागा त्याची, पण कागद नाही म्हणून ती जागा रिकामी राहते. पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही तर निवड आपोआप रद्द होते, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 साली ठरविले. पुढे सरकारने ही मुदत अनेकदा वाढवून दिली. परंतु मुदतवाढीच्या आशेवर कोणी बसू नये. ज्या घरात कोणी कधी उभे राहील असे वाटते, त्या घराने दाखला आजच काढून ठेवावा.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष अर्ज. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, म्हणून येथे पक्षाची चिठ्ठी नको. अर्ज आयोगाच्या संकेतस्थळावर भरावयाचा, त्याची छापील प्रत काढून सही करावयाची आणि ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे वेळेत पोचवावयाची, ही रीत अलीकडे पडली आहे. 2020 च्या डिसेंबरात शेवटच्या दिवसांत संगणकयंत्रणा मंदावली, आणि आयोगास कागदी अर्ज घेण्याची परवानगी द्यावी लागली. प्रत्येक वेळी अशी सवलत मिळेलच असे नाही. शेवटच्या दुपारी तहसील कचेरीच्या पायरीवर घाम पुसत उभे राहण्यापेक्षा पहिल्या दिवशी गेलेले बरे. सदस्यपदासाठीची अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवारास 500 रुपये आणि राखीव प्रवर्गास 100 रुपये अशी राहिली आहे. विधानसभेस ती 10,000 आणि 5,000 आहे. म्हणजे गावच्या पातळीवर पैसा ही अडचण नव्हे.

शपथपत्राविषयी एक सूचना. मालमत्ता, कर्ज, गुन्हे यांचे रकाने कोरे ठेवू नयेत. सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ असे लिहावे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की उमेदवाराची माहिती जाणणे हा मतदाराचा हक्क आहे, आणि सूचना देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज फेटाळता येतो.

अर्ज चुकीने फेटाळला गेला तर लगेच न्यायालयात धाव घेता येईल काय? स्वतंत्र भारताच्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत मद्रास इलाख्यातील नामक्कल येथे हा प्रश्न उपस्थित झाला. पोन्नुस्वामी नावाच्या उमेदवाराचा अर्ज फेटाळला गेला आणि ते न्यायालयात गेले. 21 जानेवारी 1952 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की निवडणूक सुरू असताना न्यायालय मध्ये पडणार नाही, दाद मागावयाची ती निकालानंतर, निवडणूक अर्जाद्वारे. पंचायतीसही हेच तत्त्व लागू आहे. निकालानंतर पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. पण तोवर दुसरा माणूस खुर्चीवर बसलेला असतो. म्हणून छाननीच्या दिवशी उमेदवाराने स्वतः हजर राहावे आणि सर्व मूळ कागद जवळ ठेवावेत.

शेवटी खर्चाचा हिशेब. निकालानंतर तीस दिवसांत तो द्यावा लागतो, आणि तो हरलेल्यानेही द्यावा लागतो. ‘पडलो, आता कसला हिशेब?’ असे म्हणून गप्प बसणाऱ्यास आयोग पाच वर्षे अपात्र ठरवू शकतो. पुढच्या निवडणुकीच्या वेळी ही गोष्ट कळते तेव्हा हळहळण्यापलीकडे काही उरत नाही.

इतक्या अटी ऐकून कोणास वाटेल की सामान्य माणसाने या भानगडीत पडूच नये. मला नेमके उलट सांगावयाचे आहे. या अटींतील बहुतेक गोष्टी पैशाने विकत घ्याव्या लागत नाहीत. गावच्या यादीतील नाव, कराची पावती, जातीचा दाखला आणि मागच्या खर्चाचा हिशेब, या चार गोष्टी कोळीवाड्यातील बाईस आणि आदिवासीवाडीतील तरुणासही वेळीच करता येतात. त्या ठाऊक असणारे लोक गावात चारच असले तर उमेदवारही त्याच चार घरांतून निघतात, आणि बाकीचे गाव मग बिनविरोध निवडीचे पेढे खाते. घरी गेल्यावर निदान मतदार यादीत आपले नाव कोठे आहे एवढे प्रत्येकाने पाहावे, आणि शेजाऱ्यासही पाहण्यास सांगावे.