सबवूफरला साजेसा ॲम्प्लिफायर

आपल्यापैकी अनेक संगीतप्रेमी डॉक्टर घरी सबवूफर बसवितात आणि ॲम्प्लिफायर निवडताना खोक्यावरील मोठा आकडा पाहतात. तो बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. अखंड मिळणारी, म्हणजे 'आरएमएस' शक्ती पाहावी. ती सबवूफरच्या आरएमएस क्षमतेइतकी किंवा किंचित अधिक असावी. दुर्बळ ॲम्प्लिफायर ताणला, की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइलही जळू शकते. ओहमचा मेळही हवा. ४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडल्यास भार २ ओहमचा होतो. तो न पेलल्यास ॲम्प्लिफायर तापून बंद पडतो.

वॅट दुप्पट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. म्हणून राखीव शक्ती घ्यावी ती स्वच्छ खर्जासाठी, गोंगाटासाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मानकाने मोबाइल व हेडफोनसाठी मुलांना आठवड्यास ४० तास, ७५ डेसिबल ही मर्यादा सुचविली आहे. घरात बालके असतील तर बैठकीच्या खोलीतही तीच मोजपट्टी धरावी, असा बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा आग्रह आहे. जळालेली कॉइल बदलता येते. अंतर्कर्णातील केशपेशी मात्र पुन्हा निर्माण होत नाहीत.