बाणांच्या साखळीत पुलाचा तोल

रावेतला पवना नदीवरच्या बास्केट ब्रिजकडे पाहिले, की आत झुकलेल्या कमानी लक्ष वेधून घेतात. अशा कमानीच्या प्रत्येक सांध्यावर अनेक बले वेगवेगळ्या दिशांनी काम करतात. बल ही सदिश राशी. तिला दिशाही असते. म्हणून नुसत्या आकड्यांची बेरीज पुरत नाही.

ही बेरीज कागदावर बाण काढून करता येते. १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोन्यूटन असे प्रमाण धरा. पूर्वेला ४० किलोन्यूटनचा बाण काढा. त्याच्या टोकापासून उत्तरेला ३० चा. पहिल्याच्या शेपटापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतची रेघ ५ सेंटिमीटर भरते. म्हणजे परिणामी बल ७० नव्हे, ५० किलोन्यूटन. बले कितीही असोत, बाण असेच जोडत जायचे. क्रम बदलला तरी उत्तर तेच.

शेवटचे टोक पहिल्या शेपटाला मिळाले, तर बेरीज शून्य आणि सांधा स्थिर. फट उरली, तर तेवढे बल सांध्याला ढकलत राहते. संगणक येण्यापूर्वी अभियंते पट्टी-पेन्सिलीने असेच बहुभुज काढून पुलांचा तोल तपासत. आज हे काम संगणक करतो. पण पूल उभा राहायचा, तर बहुभुज मिटलाच पाहिजे.