पदविकेचे एक वर्ष कसे वाचते?
शाळेत असतानाच महाविद्यालयीन श्रेयांक खाती जमा करण्याची अमेरिकेतील सोय आपल्याकडे तंतोतंत रूढ नसली, तरी पिंपरी-चिंचवडमधील मोरवाडीच्या महापालिका-संचालित औद्योगिक प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम पुरा करणारा, अथवा बारावी व्यावसायिक शाखेतून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी तंत्रनिकेतनाच्या पदविकेस थेट द्वितीय वर्षात दाखल होऊ शकतो. आणि भोसरी-चाकणच्या कारखानदारीत पदविकेचे मोल जाणणाऱ्या कुटुंबांस ही सवलत किरकोळ खचित नव्हे. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय अध्ययनासही ३० तासांस १ श्रेयांक, म्हणजे वर्षाच्या १२०० तासांस ४०, असा हिशेब लावून दिला आहे. मात्र दप्तरी हिशेब निराळा, प्रत्यक्ष प्रवेश निराळा. अर्जापूर्वी तंत्रशिक्षण संचालनालयाची चालू वर्षाची माहितीपुस्तिका अवश्य पाहावी.