बांधकाम कंपन्यांच्या पर्यावरणविषयक अटी आणि आपले कारागीर

आमच्या वाचकांपैकी अनेक बंधू बांधकामाच्या धंद्याशी निगडित आहेत. कोणी लादीकाम घेतो, कोणी फॅब्रिकेशन करतो, कोणी रेती-खडी पुरवितो, तर कोणी जुन्या इमारतींचे तोडकाम घेऊन लोखंड व लाकूड विकतो. मोठ्या कंपनीची वर्क ऑर्डर हाती आली की तिच्यात दर आणि मुदतीच्या खाली धूळ, डेब्रिज, पाणी व आवाज यांविषयीची कलमे असतात. बहुतेकजण ती न वाचताच सही करतात आणि शेवटच्या बिलातून रक्कम कापली गेली की हैराण होतात. या अटी येतात कोठून आणि त्यांचा आपल्या हिशेबाशी काय संबंध, हे आम्ही येथे मांडत आहोत.

केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला काम सुरू करण्यापूर्वी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. मंजुरीसोबत अटी येतात. वरची सुपीक माती वेगळी साठवून बागेसाठी वापरणे, मजुरांच्या वस्तीत शौचालये, सांडपाण्याची व्यवस्था, अशा त्या असतात. त्यांच्या पालनाचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. परंतु प्रत्यक्ष काम उपठेकेदार करतात. म्हणून कंपनी तीच जबाबदारी कलमाकलमाने त्यांच्या वर्क ऑर्डरमध्ये उतरविते.

धुळीचेच पाहा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडल्यावर महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे, इमारतीला हिरवे कापड किंवा ओले गोणपाट, गाडीवर ताडपत्री, बाहेर पडताना चाके धुणे आणि कापण्या-घासण्याचे काम बंदिस्त जागेत पाणी फवारून करणे, असे तिचे स्वरूप होते. नियम मोडणाऱ्यांना काम थांबविण्याच्या नोटिसा देण्याची तरतूदही तिच्यात होती. साईट बंद राहिली की कंपनीचे व्याज चढते हे खरे, पण रोजंदारीवरच्या कारागिराची चूल त्याच संध्याकाळी थंडावते.

कापण्याच्या कामाविषयी थोडे अधिक लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. ग्रॅनाइट, लादी किंवा काँक्रीट कोरड्या कटरने कापताना जी बारीक पूड उडते, तिच्यात सिलिका असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात, तेथे व्रण धरतात आणि पुढे सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. शिवाय सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची बाधा लवकर होते. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी अलीकडे चालणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत सिलिकाचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा फरशीवर बंदीच घातली, ती कारागिरांच्या याच आजारामुळे. तोंडाला रुमाल बांधून हे कण अडत नाहीत. पात्यावर पाणी सोडून कापले तर बरीचशी धूळ जागेवरच बसते. वेळ थोडा जास्त लागतो, चिखल होतो, म्हणून मुकादम कुरकुरतात. त्यांच्या कुरकुरीकडे दुर्लक्ष करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा मोठा विषय डेब्रिजचा. देवनार व मुलुंडच्या कचराभूमींच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नवीन बांधकाम परवानग्या रोखल्या होत्या. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त सवलत दिली, ती डेब्रिज सुरक्षित ठिकाणी टाकण्याच्या अटीवर. दरम्यान २०१६ च्याच नियमांनी दिवसाला २० टनांहून किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक डेब्रिज काढणाऱ्यांना काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असे चार ढीग वेगळे करण्याचे बंधन घातले. २०२५ मध्ये नवे नियम आले. त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरविण्यात आली आणि मोठ्या प्रकल्पांवर डेब्रिजच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली.

तोडकाम करणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना वेगळे करणे नवीन नाही. चौकट, सळई, मंगलोरी कौल यांचा बाजार ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. आता फुटलेल्या काँक्रीटलाही किंमत येऊ शकते. आयएस ३८३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीने जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि एम-२५ पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरण्यास मुभा दिली. अर्थात त्यात माती, लाकूड, जिप्सम मिसळलेले चालत नाही. ढीग एकत्र झाला की माल उरत नाही, फक्त वाहतुकीचा खर्च उरतो. रात्री खाडीत किंवा रस्त्याकडेला गाडी रिकामी करणाऱ्यांची गोष्ट निराळी; पकडली गेल्यास गाडी जप्त होते आणि कंपनी हात वर करते.

मालाच्या खरेदीतही फरक पडला आहे. नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड आली, आणि राख मिसळलेले पीपीसी सिमेंट सर्रास वापरले जाते. त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. तेवढा चुनखडक भाजावा लागत नाही. मात्र हे सिमेंट सुरुवातीला सावकाश पक्के होते, म्हणून त्यावर पाणी अधिक दिवस मारावे लागते. गवंड्यांनी हे ध्यानी ठेवावे.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. कंपनी अटी घालते आणि दर जुनाच देते, अशी तक्रार आमच्या कानी वारंवार येते, व ती रास्त आहे. सबब दर सांगण्यापूर्वी विचारून घ्यावे : कापण्यासाठी आडोसा व पाणी कोण देणार, मास्क कोणाच्या खर्चाने, डेब्रिज कोणत्या मजल्यापासून कोठवर उतरवायचे, गाडीचे चलन कोणाच्या नावाने फाटणार. उत्तरे तोंडी न घेता वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यावीत, आणि डेब्रिज ठरलेल्या जागी उतरविल्याची प्रत्येक पावती बिल मंजूर होईपर्यंत जपून ठेवावी.