यंत्राची बुद्धी आणि समाजाचे परिवर्तन

१९५६ या वर्षाचे महत्त्व आपल्या समाजाला वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि जन्माने लादलेली ओळख माणसाला नाकारता येते, हे कृतीने सिद्ध केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही गणितज्ञ व शास्त्रज्ञ एकत्र जमले होते. माणसाच्या बुद्धीने होणारी कामे यंत्राकडून करवून घेता येतील काय, हा त्यांच्या चर्चेचा विषय होता. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव त्या चर्चासत्रापासून रूढ झाले.

या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. परंतु आज, सुमारे सत्तर वर्षांनंतर, नागपूरच्या त्या निर्णयाने घडलेल्या कुटुंबांतील तिसरी-चौथी पिढी या बुद्धिमान यंत्रांसमोर उभी आहे. रेशनचे धान्य, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे कर्ज, नोकरीसाठीची निवड, मुलांचा अभ्यास, अशा प्रत्येक ठिकाणी कोठे ना कोठे यंत्राचा हात लागलेला असतो. म्हणूनच ही यंत्रे कशी चालतात हा आता केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. तो आपल्या हक्कांचाही विषय झाला आहे.

यंत्र शिकते म्हणजे काय करते?

पूर्वीच्या संगणकाला माणूस नियम सांगत असे आणि संगणक तो नियम मुकाट्याने पाळत असे. बेरीज कशी करायची, व्याज कसे काढायचे, हे सर्व माणसाने आधी लिहून द्यावे लागे. आजच्या बुद्धिमान यंत्राची रीत वेगळी आहे. त्याला नियमांऐवजी उदाहरणे दिली जातात, तीही लक्षावधी. त्या उदाहरणांत पुन्हा पुन्हा काय आढळते, कशाच्या मागे काय येते, हे यंत्र गणिताने हेरते आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधते.

‘आकाशात ढग दाटून आले आणि थोड्याच वेळात पाऊस...’ एवढे वाक्य कोणाही मराठी वाचकापुढे ठेवले, तर तो ‘सुरू झाला’ असे म्हणून ते पूर्ण करील. यंत्रही तेच करील. फरक एवढाच की वाचक पावसात भिजलेला असतो. यंत्राने फक्त हजारो वाक्यांत ‘पाऊस’ या शब्दानंतर काय येते ते मोजलेले असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले आणि आता विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीत पोहोचलेले चॅटजीपीटी मुळात याच तत्त्वावर चालते. आधीच्या शब्दांवरून पुढचा शब्द ओळखायचा, हे त्याचे काम. ते अतिशय मोठ्या प्रमाणावर व अतिशय कौशल्याने होते, म्हणून आपल्याला संवादाचा भास होतो.

आता एक कल्पना करून पाहू. असे यंत्र १९०० साली अस्तित्वात असते आणि त्या काळचे सर्व ग्रंथ, पोथ्या, महसुली दप्तरे व शाळांचे दाखले त्याला शिकवले असते. मग त्याला विचारले असते, “अस्पृश्य मानलेल्या घरातील नऊ वर्षांचा मुलगा पुढे कोण होईल?” यंत्राने काय उत्तर दिले असते, ते सांगण्याची गरज नाही. त्या उत्तरामागे द्वेष नसता. उपलब्ध नोंदींच्या हिशेबाने ते उत्तर बरोबरही ठरले असते. पण त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर रोजी, साताऱ्याच्या शाळेत भीमराव रामजी यांचे नाव दाखल झाले. हा दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. त्या मुलाने पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले. असे भविष्य सांगणारी एकही नोंद १९०० सालच्या दप्तरात नव्हती.

या विषयाचे मर्म येथेच आहे. यंत्र भूतकाळावरून भविष्याचा अंदाज करते. सामाजिक परिवर्तन म्हणजे भूतकाळाने नेमून दिलेले भविष्य नाकारणे. ज्या समाजाचा इतिहास त्याच्या बाजूने लिहिला गेला नाही, त्या समाजाने हा फरक इतर कोणाहीपेक्षा नीट ओळखला पाहिजे.

धोटा आणि विटाळ

यंत्र आले की जुन्या रूढी आपोआप मोडतील, असे पूर्वीही अनेकांना वाटले होते. त्यात काही तथ्य होते. १८५३ साली मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि कालांतराने सर्व जातींची माणसे एकाच डब्यात बसू लागली. गिरण्या सुरू झाल्या आणि गावकीच्या कामातून सुटलेल्या हजारो हातांना रोख मजुरी मिळू लागली. पण त्याच गिरण्यांत काय घडले, हेही आठवले पाहिजे.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील विणकाम खात्यात मजुरी तुलनेने चांगली मिळे. त्या खात्यात साच्यावर काम करताना धोट्यातील कांडीचे सूत संपले की नवी कांडी घालावी लागे आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे असल्यामुळे अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश मिळत नसे. साचा विलायतेहून आला होता आणि विटाळ येथलाच होता. गिरणीत ते दोन्ही एकत्र नांदले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला.

एवढा अनुभव पदरी असूनही बाबासाहेब यंत्रांचे विरोधक झाले नाहीत, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. काँग्रेस व गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्रांची बाजू घेतली आहे. माणसाचे जीवन पशूच्या पातळीवरून वर यायचे असेल तर त्याला फुरसत हवी आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. यंत्रांमुळे होणाऱ्या अनर्थांचा दोष ते यंत्रांना देत नाहीत. काही थोड्यांच्या लाभासाठी उभारलेल्या समाजरचनेला तो देतात. जात्यावर दळणाऱ्या आजीला पिठाच्या गिरणीने पहाटेची झोप दिली, हे ज्याने पाहिले त्याला हा युक्तिवाद पुस्तकाशिवायही पटेल.

मात्र फुरसत यंत्रातून आपोआप गळत नाही; ती कायद्याने मिळवावी लागते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. यंत्राचा वेग मालकाला मिळाला होता. त्यातील काही वेळ कामगाराच्या वाट्याला कायद्याने आला.

अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत कागदावर अंगठा उमटविणे ही नामुष्कीची खूण होती. ‘अंगठाबहाद्दर’ हा शब्द त्याच काळाची आठवण आहे. सही करता येणे हा शिक्षणाचा पहिला विजय होता. प्रौढ साक्षरता वर्गांत म्हाताऱ्या बायांनी पाटीवर आपले नाव गिरवले ते याचसाठी. आता काळ असा फिरला आहे की पदवीधरालाही यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिली गेली. आज रेशनपासून निवृत्तिवेतनापर्यंत अनेक लाभांची वाट त्या अंगठ्यातून जाते.

या व्यवस्थेचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. शिष्यवृत्ती किंवा अनुदान थेट बँक खात्यात जमा झाले की मधल्या हातांची गळती कमी होते. संकेतस्थळावर अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याला कोणाच्या टेबलासमोर ताटकळत उभे राहावे लागत नाही. २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआयमुळे भाजीच्या गाडीवरही पैसे हातात न घेता व्यवहार होतो. ज्या समाजाच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई, त्याला न शिवता व न विचारता होणाऱ्या या व्यवहाराचे मोल वेगळे सांगायला नको. यंत्राला आडनाव विचारण्याची सवय नसते, हा त्याचा खरा गुण आहे.

पण याच यंत्रापुढे ‘अंगठा लागत नाही’ ही तक्रारही रोज ऐकू येते. अंगठा कोणाचा लागत नाही? वीटभट्टीवर राबणाऱ्याचा, ऊस तोडणाऱ्याचा, वाळू-सिमेंट कालवणाऱ्याचा आणि वयाने कातडी सुरकुतलेल्या वृद्धेचा. ज्यांच्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजल्या, त्यांचीच ओळख यंत्राला पटत नाही, आणि धान्याची सर्वांत जास्त गरज त्यांनाच असते. ओळख पटली नाही एवढ्याच कारणावरून कोणाला लाभापासून वंचित ठेवू नये, ही बाब सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील आधारविषयक निकालातही आलेली आहे. तरीही दुकानासमोर उभ्या असलेल्या वृद्धेला हे सांगणारे कोणी नसते. यंत्र ‘नाही’ म्हणाले की वाद संपला, असे सर्वांनीच गृहीत धरलेले असते.

जुन्या नोंदी, नवे निर्णय

अंगठ्याचे यंत्र चुकले तर निदान ते दिसते. निवड करणारे यंत्र चुकते तेव्हा ते दिसतही नाही. अमेरिकेतील अॅमेझॉन कंपनीने नोकरीसाठी आलेले अर्ज पारखणारे यंत्र तयार करून पाहिले होते. त्याला आधीच्या दहा वर्षांतील अर्ज शिकवले गेले आणि ते बहुतांशी पुरुषांचे होते. परिणामी अर्जात ‘महिलांचा’ हा शब्द आला की यंत्र त्या अर्जाचे गुण कमी करू लागले. कंपनीने तो प्रयोग सोडून दिला. २०१८ साली ही हकिकत जगापुढे आली. त्याच वर्षी जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या यंत्रांची तपासणी प्रसिद्ध केली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण १ टक्क्याच्याही आत होते. सावळ्या व काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते एका यंत्रात ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले.

नेदरलँड्समध्ये तर याचे परिणाम हजारो संसारांना भोगावे लागले. बालसंगोपन अनुदानात फसवणूक कोण करील, याचा अंदाज बांधताना तेथील करखात्याच्या यंत्राने अर्जदाराचे नागरिकत्व हाही एक निकष धरला. स्थलांतरित कुटुंबे मोठ्या संख्येने संशयित ठरली, त्यांच्यावर प्रचंड रकमांची वसुली लादली गेली आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला.

आपल्याकडे यंत्राला जात सांगावी लागेलच असे नाही. आडनाव, गाव, वस्तीचा पत्ता, शाळेचे नाव आणि शिक्षणाचे माध्यम एवढ्यावरून जुन्या नोंदी तिला ओळखतात. यंत्राला आडनाव विचारण्याची सवय नसते हे खरे. पण ज्या नोंदींवर ते शिकते, त्या नोंदींना ती सवय असते. माणसाने केलेल्या अन्यायाला निदान चेहरा असतो व त्याला जाब विचारता येतो. यंत्राआड झालेल्या अन्यायाला ‘प्रणालीने नाकारले’ एवढेच उत्तर मिळते.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे कारण विचारण्याची सवय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला सांगणे बंधनकारक आहे. अर्ज नाकारला गेला तर तो कोणत्या कारणाने, हे लेखी विचारावे. ‘संगणकात तसे दिसते’ हे कारण नव्हे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. यंत्राकडून निबंध लिहून घेणारा विद्यार्थी गुण मिळवील, परंतु विचार करण्याची शक्ती गमावील. यंत्राला जरूर प्रश्न विचारावेत. मात्र मिळालेले उत्तर पुस्तकाशी, शिक्षकांशी आणि आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्या यादीत आज यंत्राचाही समावेश करावा लागेल.

तिसरी गोष्ट माजी विद्यार्थ्यांसाठी. ज्यांना अर्ज भरता येतो, नियम वाचता येतात, त्यांनी महिन्यातून एक दिवस आपल्या वस्तीसाठी द्यावा. कोणाचा अंगठा लागत नाही, कोणाची शिष्यवृत्ती नावातील एका अक्षराच्या फरकाने अडकली आहे, कोणाचे खाते आधारशी जोडलेले नाही, एवढे पाहिले तरी अनेक घरांची अडचण दूर होईल. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले, तेव्हा त्यामागे हीच दृष्टी होती: शिकलेल्याने मागे वळून हात द्यावा.

चौथी आणि सर्वांत दूरगामी गोष्ट लिहिण्याची. जे लिहिलेले असते तेच यंत्र शिकते. आपल्या आजीने सांगितलेली धम्मदीक्षेची आठवण, भीमगीतांची परंपरा, पहिल्या पिढीने शिक्षणासाठी सोसलेले कष्ट, आपल्या गावातील पाणवठ्याचा लढा, यांतील फारच थोडे कागदावर आले आहे. दलित आत्मकथनांनी मराठी साहित्यात जे घडविले, ते प्रत्येक घराने आपल्यापुरते घडवावे. प्रस्तुत स्मरणिकेसारख्या अंकांतून, विकिपीडियाच्या मराठी पानांवरून, जमेल तेथे आणि शुद्ध मराठीत ते लिहून ठेवावे. उद्याचे यंत्र आजच्या नोंदींवरून शिकणार आहे, आणि त्या नोंदींत आपल्या घरातल्या माणसांची नावे घालणे अजून आपल्या हातात आहे.